वाघीण येते भरून, जाते रिकामी



जिल्हा बैठकीसाठी तालुक्यांकडून आलेल्या ठरावांत या वेळी रेल्वेचे ठराव पुष्कळ आहेत. कोणाला शकुंतला ब्रॉडगेज व्हायला हवी, कोणाला वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे उरलेले काम लवकर हवे, कोणाच्या स्टेशनवर पूर्वी थांबणारी पॅसेंजर आता थांबत नाही. सगळे ठराव रास्त आहेत आणि ते बैठकीत मंजूर होतीलच. पण ते वाचून संपल्यावर आम्हाला एक गोष्ट खटकली. ज्वारीचे काय, रुईगाठीचे काय, हे त्यांत जवळजवळ कुठेच नाही. रेल्वे आपण मागतो ती माणसांसाठी. रेल्वे मालासाठीही मागायची असते, हे आपण विसरूनच गेलो आहोत.

सायब हे विसरला नव्हता. आपल्या मुलुखात रेल्वे आली तीच मुळी कापसासाठी. त्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि सायबाला वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. हा फाटा आहे जेमतेम आठ मैलांचा, पण त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होता. खामगावच्या कापसाची किंमत त्याला किती कळत होती ते यावरून समजावे. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला, पुलगावहून आर्वीला अरुंद रुळांची गाडी गेली. ती किलिक निक्सन कंपनीची, आणि तीही कापसासाठीच. यवतमाळच्या गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले होते आणि १९९४ पर्यंत ते गाडी ओढत राहिले. बालाघाटाच्या बाजूला बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली. लातूरची पेठ वाढली ती या छोट्या गाडीच्या जोरावर.

सायबाचे गुणगान करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्याने माल नेला तो त्याच्या भावाने आणि त्याच्या गरजेपुरता. पण त्याला माल हवा होता, म्हणून दर दहा-पंधरा मैलांवरच्या स्टेशनला मालधक्का होता, धक्क्याला लागून जिनिंग-प्रेसिंग होती आणि तिच्या पलीकडे बाजार. धामणगाव, हिंगणघाट, मलकापूर ही गावे पाहा. बाजारपेठ स्टेशनला चिकटून का वसली हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्या मालधक्क्यांचे आज काय झाले आहे? पुष्कळ ठिकाणी धक्क्यावर बाभळी उगवल्या आहेत. काही ठिकाणी स्कूटर उभ्या करण्यासाठी जागा झाली आहे. याचे कारण बऱ्याच जणांना ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी एक-दोन वाघिणींची मागणी नोंदवता यायची. व्यापारी किंवा खरेदी-विक्री संघ स्टेशनमास्तरकडे नोंद करायचा, पाळी आली की वाघीण धक्क्याला लागायची, माल भरला की जाणाऱ्या मालगाडीला जोडली जायची. यात भानगडी होत्या. पाळी कोणाची हे ठरवताना चिरीमिरी चालायची, माल वाटेत पंधरा-पंधरा दिवस पडून राहायचा, पोती फुटायची. १९८० नंतरच्या वर्षांत रेल्वेने धोरण बदलले. सुटी वाघीण जवळपास बंद झाली आणि पूर्ण गाडी, म्हणजे रेक, भरणाऱ्याचाच माल घ्यायचा असे ठरत गेले. बंद वाघिणींचा एक नेहमीचा रेक बेचाळीस वाघिणींचा. एका वाघिणीत साधारण साठ टन माल बसतो. म्हणजे एका वेळी अडीच हजार टन, पंचवीस हजार क्विंटल माल एका धक्क्यावर, एकाच धन्याच्या नावाने, ठरलेल्या तासांत भरून द्यायचा. उशीर झाला तर वर दंड.

रेल्वेची अडचण अगदीच खोटी नाही. एकेक वाघीण काढणे-जोडणे यात इंजिन अडकते, रूळ अडकतो, मागच्या गाड्या खोळंबतात. पण या धोरणाने गिऱ्हाईक कोण उरले ते पाहा. कोळशाची खाण, सिमेंटचा कारखाना, खताची कंपनी, अन्न महामंडळ. पाच एकरांचा कोरडवाहू कास्तकार रेल्वेच्या हिशेबातून बाद झाला आणि त्याला ते कोणी कळवलेसुद्धा नाही.

आता एखाद्या दिवशी जिल्ह्याच्या मोठ्या मालधक्क्यावर उभे राहा. काय उतरते? पंजाब-हरियाणाचा गहू, तांदूळ, युरिया, डीएपी, सिमेंट. आणि काय चढते? बहुतेक वेळा काहीच नाही. गाडी रिकामी परत जाते. ज्या धक्क्यावर सायबाच्या राज्यात माल चढवण्यासाठी रांग लागायची, तिथे आता फक्त माल उतरतो.

या गव्हाचे भाडे कोण भरतो? सरकार. अन्न महामंडळाच्या खर्चात रेल्वेचे भाडे, हमाली, गोदाम, नासधूस, सगळे धरलेले असते आणि ते अनुदान म्हणून केंद्राच्या तिजोरीतून जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो दिला, जानेवारी २०२३ पासून तो फुकट आहे. त्याच कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. पण आपल्या भागात आला तो मुख्यतः दूरचा गहू-तांदूळ. जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकवते आणि ज्वारी खाते, तिथे हजार-बाराशे किलोमीटरवरून सरकारी भाड्याने गहू येतो, आणि तिथली ज्वारी शेतकऱ्याच्या खिशातल्या डिझेलवर ट्रकने बाजार शोधत फिरते. रूळ तोच आहे. एकाचे भाडे तिजोरी भरते, दुसऱ्याला गाडीच मिळत नाही.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. रेशनचा गहू खाणारा शेतमजूर आपल्याच गावचा आहे, पुष्कळदा आपल्याच घरचा आहे. त्याच्या ताटातले काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. भाड्याच्या हिशेबात गहू आणि ज्वारी यांना एका मापाने मोजा, एवढेच आमचे म्हणणे.

ज्वारीच्या भावाचे दुखणे यातूनच कळते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये जाहीर झाला. कागदावर आकडा बरा दिसतो. पण खरेदी केंद्र उशिरा उघडते, बारदाना संपतो, हेक्टरी मर्यादा लावतात, आणि काळी पडलेली ज्वारी केंद्रावर घेतच नाहीत. या काळ्या ज्वारीची गोष्ट आम्ही शेतीशास्त्र शिकलेल्या माणसांनी तरी सरळ सांगायला हवी. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले हे खरे. पण कमी दिवसांची ही वाणे पाऊस संपायच्या आत कणसावर येतात. परतीचा पाऊस दाण्यावर पडला की बुरशी धरते, दाणा काळा पडतो. हा काही शेतकऱ्याचा आळस नव्हे. सरकारने शिफारस केलेल्या वाणाचा आणि आपल्या हवामानाचा हा मेळ आहे.

काळी ज्वारी माणूस खात नाही, पण ती फेकूनही देत नाहीत. दाणा तपासून, प्रतवारी करून तिला कोंबड्यांच्या खाद्यात, स्टार्चमध्ये, मद्यार्कात गिऱ्हाईक असते. ही गिऱ्हाइके कारखानदार आहेत, ती गावच्या बाजारात येत नाहीत. म्हणजे पांढऱ्या ज्वारीपेक्षा काळ्या ज्वारीला लांबच्या वाहतुकीची गरज जास्त. जिला लांब जायचे तिलाच गाडी नाही, म्हणून ती गावच्या अडत्याच्या काट्यावर पडेल त्या भावाने जाते.

आता हिशेब करू. कोरडवाहू कास्तकाराची पाच एकर ज्वारी धरा, एकरी आठ क्विंटल. चाळीस क्विंटल झाले. घरच्या खाण्याला, बियाण्याला, सालदाराला दहा क्विंटल ठेवले, विकायला तीस. एका वाघिणीत सहाशे क्विंटल बसतात. म्हणजे वीस शेतकऱ्यांची एक वाघीण होते. बेचाळीस वाघिणींना आठशे चाळीस शेतकरी लागतात. एका धक्क्यावर एका दिवशी आठशे चाळीस शेतकऱ्यांचा एका प्रतीचा माल गोळा करणे हे आज आपल्याच्याने होणार नाही. पण रेल्वेचा एक छोटा रेकही असतो, वीस वाघिणींचा. त्याला बारा हजार क्विंटल लागतात, म्हणजे चारशे शेतकरी. आठ-दहा मोठ्या गावांचे हे काम आहे, आणि मोर्चाला आपण याहून कितीतरी जास्त माणसे गोळा केलेली आहेत.

रेल्वे म्हणेल, वीसपेक्षा कमी वाघिणींची गाडी परवडत नाही. एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानले होते. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांच्या वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. पाणी पोचले, चांगले झाले. पण दहा वाघिणींची गाडी धावू शकते हेही त्या दिवशी देशाने पाहिले. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल गेली. तिच्यात किमान मालाची अट नव्हती, वाटेतल्या स्टेशनांवर चार पेट्या चढवता येत होत्या आणि फळे-भाजीपाल्याला भाड्यात निम्मी सूट होती. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल सांगोल्याहून निघाली. डाळिंबवाल्यांना याचा फायदा झाला, आमचा त्यांच्यावर राग नाही. पण नाव ‘किसान’ रेल होते, आणि ज्वारी-कापूस-तुरीचा किसान त्यात नव्हता. म्हणजे प्रश्न इंजिनाचा नाही, रुळाचा नाही. कोणाच्या मालासाठी नियम वाकवायचा, हा आहे.

हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. कॅनडाच्या गव्हाच्या मुलुखात १९०१ साली अमाप पीक आले. कॅनेडियन पॅसिफिक ही एकच रेल्वे, आणि स्टेशनावर धान्याचे मोठमोठे उंच कोठार बांधून बसलेले व्यापारी. रेल्वे वाघिणी द्यायची त्या कोठारवाल्यांना. शेतकरी गाडीत गहू भरून स्टेशनला आला की त्याला एकच वाट, कोठारवाला म्हणेल त्या प्रतीला आणि त्या भावाला माल टाकणे. शेतकऱ्यांनी संघटना काढली, आणि १९०२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. प्रत्येक स्टेशनवर मागणीची वही ठेवायची, ज्याचे नाव आधी त्याला वाघीण आधी, मग तो कोठारवाला असो की शेतकरी. रेल्वेने कायदा धाब्यावर बसवला. तेव्हा संघटनेने सिंटालुटा नावाच्या एका छोट्या गावच्या स्टेशन एजंटावर फिर्याद केली. खालच्या कोर्टात संघटना जिंकली. प्रकरण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. आपल्या नावाने वाघीण मागण्याचा तो हक्क कॅनडाच्या शेतकऱ्याकडे आजही आहे.

या गोष्टीतली एक बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्या शेतकऱ्यांनी नवा मार्ग मागितला नाही, भाड्यात भीकही मागितली नाही. त्यांनी वहीत नाव मागितले. आणि त्यातले सगळेच काही स्वतः वाघीण भरत नव्हते. पण शेतकरी स्वतः भरू शकतो हे कळल्यावर कोठारवाल्याला भाव देताना विचार करावा लागला. ट्रकवाला आणि अडत्या यांच्याशी आपले भांडण नाही. शंभर-दोनशे किलोमीटरसाठी ट्रकच बरा, तो बांधापर्यंत येतो. पण दुसरी वाट नसलेला शेतकरी आणि दुसरी वाट असून तिने न जाणारा शेतकरी, यांना मिळणारा भाव सारखा नसतो.

कापसाचे थोडे वेगळे आहे. कापूस आपल्या घरून जिनिंगला ट्रॅक्टरनेच जाणार, त्याला रेल्वेचा उपयोग नाही. उपयोग आहे तो गाठीला आणि सरकीला. आपली रुई कोइमतूरकडच्या सूतगिरण्यांना जायची तर रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर अंतर. हा खर्च जिनवाला स्वतःच्या घरातून भरत नाही, तो कापसाच्या भावातून कापतो. उलट परदेशी गाठ जहाजाने थेट दक्षिणेच्या बंदरात उतरते, गिरणीच्या दाराशी. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकी आपली वेचणी सुरू होण्याची ही वेळ. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० जाहीर होता, कापूस महामंडळाकडे विकायचा तर मोबाइलच्या ॲपवर नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. परदेशी गाठीला दार सताड उघडे, घरच्या बोंडाला मात्र एवढ्या परीक्षा.

इथे जुन्या माणसांना झोनबंदी आठवेल. १९६४-६५ च्या हंगामात राज्याने ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली, लेव्ही लावली, सरकारी परवान्याशिवाय ज्वारी हलवण्याला बंदी आली. १९७२ पासून कापसाची एकाधिकार योजना आली आणि कापूस राज्याबाहेर नेणारा कास्तकार चोर ठरला. चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिलेले लोक या बैठकीला बसलेले असतील. २००२ पासून खासगी खरेदीला वाट मिळाली. नाक्यावरची बंदी गेली, पण ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका रात्रीत बंद झाली, १३ मे २०२२ रोजी गव्हाची झाली. तेव्हा ज्यांना वाटते की रेल्वे मिळाली की भाव मिळेल, त्यांनी सावध असावे. गाडी बंदरापर्यंत गेली आणि बंदराला कुलूप असले तर उपयोग काय? म्हणून मालधक्क्याची मागणी आणि बाजारबंदी उठवण्याची मागणी आम्ही वेगळ्या करत नाही.

तेव्हा जिल्हा बैठकीत मार्गांच्या ठरावांबरोबर हा ठराव यावा, असे आम्ही सुचवतो. जिल्ह्यात निदान एक मालधक्का शेतमालासाठी वर्षभर उघडा राहावा. तिथे मागणीची वही असावी, ती कोणालाही पाहता यावी, पाळी नोंदीप्रमाणे लागावी. हंगामाच्या महिन्यांत दहा वाघिणींची मागणीही स्वीकारावी. रिकाम्या दिशेने माल भरणाऱ्याला भाड्यात सूट देण्याचे रेल्वेचे स्वतःचे धोरण आहे. खताचा आणि गव्हाचा रेक परत जाताना त्याच सुटीने ज्वारी, तूर, सरकी नेऊ द्यावी.

सरकार हे देईपर्यंत आपण काय करायचे, हेही बोलले पाहिजे. चारशे शेतकऱ्यांचा माल एका दिवशी धक्क्यावर आणायचा तर तो आधी एका जागी साठलेला हवा, आणि साठवायचा तर शेतकऱ्याची पैशाची नड भागली पाहिजे. बाजार समित्यांकडे शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवला की किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते, ज्वारीवरही मिळते. किती बाजार समित्या ती खरोखर चालवतात, कोणत्या समितीत गोदाम व्यापाऱ्यांच्या पोत्यांनी भरलेले असते, हे प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. ते बैठकीत नाव घेऊन सांगावे. प्रतवारीही आपल्याच हाताने करावी लागेल. पांढऱ्यात काळी मिसळून एक वाघीण गेली, तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक येणार नाही, मग रेल्वेला दोष देऊन चालणार नाही.

बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक साधा तक्ता आणावा, वहीच्या कागदावर चालेल. गावाचे नाव, ज्वारीचा पेरा, विकायला निघणारे अंदाजे क्विंटल, त्यातली पांढरी किती, काळी किती. जवळचा मालधक्का कोणता, तिथपर्यंत रस्ता कसा आहे, शेड आहे की उघडे आहे, शेवटचा माल कधी चढला होता. आकडे फुगवून आणू नयेत. रेल्वेच्या विभागीय वाणिज्य अधिकाऱ्यापुढे हाच कागद ठेवायचा आहे आणि तो पहिल्यांदा आकड्यांवरच बोट ठेवेल. शक्य झाले तर धक्क्यावर काम केलेल्या एक-दोन जुन्या हमालांनाही सोबत आणावे. वीस वाघिणी म्हणजे पन्नास किलोचे चोवीस हजार कट्टे. ते दंड न लागता भरायला किती माणसे, किती तास लागतील, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.